तोंडानं चार, बोटांनी पाच

पट्टीताईंचं माप चुकलं, असं कुणी येऊन सांगितलं असतं, तर त्या हॉस्पिटलच्या लिफ्टवाल्यानंसुद्धा सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. बावीस वर्षं म्हणजे काय थट्टा आहे? बावीस वर्षं ताई कॅथ लॅबच्या, म्हणजे हृदयात नळी घालायच्या खोलीच्या, काचेमागे कॉम्प्युटरपुढे बसून तान्ह्या बाळांच्या हृदयातल्या वाटा मोजत होत्या. त्यांनी आकडा सांगायचा आणि काचेपलीकडे शिशाचा एप्रन घालून उभ्या असलेल्या मोठ्या डॉक्टरांनी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, असं चाललं होतं.

फूटपट्टीवरून पट्टीताई. नाव सिस्टरनं ठेवलेलं. आधी सगळे पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले. ताई चिडल्या नाहीत, उलट मनातून सुखावल्याच. स्वभाव मात्र तिखट, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. कुणी नवशिक्यानं 'साधारण साडेचार' म्हटलं रे म्हटलं की कडाडायच्या, "साधारण? साधारण मीठ घालतात भाजीत! इथे आकडा सांगायचा." छोटी डॉक्टर, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकणारी मुलगी, तर त्यांच्यासमोर श्वाससुद्धा मोजून घ्यायची.

त्या दिवशी पहिलीच केस पाच महिन्यांच्या मुलीची होती. एक्स-रेच्या फिल्मवर बघायच्या आधी बाळ उघड्या डोळ्यांनी बघून यायचं, हा ताईंचा नेम. त्या वॉर्डात गेल्या तेव्हा बाळ आईच्या मांडीवर पडून स्वतःची मूठ चोखत होतं. वजन जेमतेम साडेचार किलो. दोन घोट दूध ओढलं की हिच्या कपाळाला घाम फुटायचा आणि दमून ती तोंड सोडून द्यायची. शेजारी आजोबा बसले होते. ते शिंपी. घरून निघायच्या गडबडीत गळ्यातली टेप काढायची राहून गेली होती, ती तशीच लोंबत होती.

"गुंडी म्हणतो आम्ही हिला," आजोबा म्हणाले. "झाली तेव्हा गुंडीएवढीच होती."

गुंडीचं दुखणं क्वचितच कुणाला होणारं. हृदयाला स्वतःला रक्त पुरवणारी एक बारीक वाहिनी असते. हिच्या त्या वाहिनीला जन्मतःच एक चोरवाट फुटली होती, आणि रक्त हृदयाच्या भिंतीला मिळायचं सोडून त्या वाटेनं भलत्याच कप्प्यात पळत होतं. उपाय असा, की मांडीच्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी वर हृदयापर्यंत न्यायची आणि चोरवाट जिथे सगळ्यात अरुंद, तिथे तारेच्या जाळीचं इवलंसं बूच बसवायचं. छाती उघडायची नाही, टाका नाही.

"पण ताई, छाती उघडायची नाही म्हणता, मग माप कसं घेणार हो?" आजोबांनी विचारलं. धंद्याचा माणूस, धंद्याचाच प्रश्न.

ताईंना असा प्रश्न विचारणारं माणूस फार आवडायचं. त्या पलंगाच्या कडेला टेकल्याच. "असं बघा मास्तर. फिल्मवर सगळंच मोठं दिसतं. किती मोठं, ते कळायला एक तरी ओळखीची वस्तू पाहिजे ना? मग आम्ही त्या नळीचीच पट्टी करतो. नळी केवढी जाड, ते आम्हाला ठाऊक असतं. कॉम्प्युटरला सांगायचं, बाबा रे, ही पाच नंबरची नळी. मग तो तिच्यावरून बाकीचं मोजून देतो."

"म्हणजे पट्टी खोटी निघाली की सगळंच खोटं," मास्तर म्हणाले, आणि स्वतःशीच हसले. "माझं झालंय तसं. शाळेतल्या वीस पोरांचे सदरे होते, गाण्याच्या स्पर्धेसाठी. अंगावर माप घ्यायच्या टेपचं पितळी टोक पहिल्या इंचासकट तुटून गेलेलं. टेप सुरूच एकपासून! मी मापं सांगतोय, आमची ही लिहून घेतेय, परत वाचून दाखवतेय, सगळं जिथल्या तिथे. आणि कापताना टेबलावर ठोकलेली लाकडी पट्टी, ती खरी. झालं काय, वीसही पोरांचे गळे इंच इंच मोठे. पोरं गायला उभी राहिली तर सदऱ्यातून बाहेर पडतील की काय, असं वाटत होतं."

ताई खळखळून हसल्या. बाळाची आईही हसली, सकाळपासून पहिल्यांदाच. ही मास्तरांची लेक. ही गोष्ट तिनं घरात शंभरदा ऐकलेली असणार.

"चाळीस वर्षं बाबा त्या टेपला शिव्या घालताहेत," ती म्हणाली. मग तिचं हसू मावळलं. "ताई, तुमचं माप... नीट येईल ना?"

"आमची टेप तुटत नाही," ताई उठत म्हणाल्या. "आणि माझं माप चुकत नाही. बावीस वर्षांत चुकलं नाही, तुझ्या लेकीचं कशाला चुकेल?"

बोलून गेल्या खऱ्या.

लॅबमध्ये सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. गुंडीला भूल दिली गेली. एवढ्या मोठ्या टेबलावर एवढंसं बाळ, अंगावर हिरवं कापड, डोक्याशी भूल देणारे डॉक्टर. ताई काचेमागे आपल्या खुर्चीत. पाच नंबरची नळी घ्यायची असं ठरलेलं होतं, ट्रॉलीवर पाचचं पाकीट काढून ठेवलेलं होतं. पण मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर त्या वाहिनीचं तोंड पाहिलं आणि म्हणाले, "फारच नाजूक आहे. चार द्या."

या लॅबची एक पद्धत होती. नळी हातात देताना सिस्टर नंबर मोठ्यानं म्हणायची, ताई काचेमागून तो परत म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता कॉम्प्युटरमध्ये घालायच्या. म्हणजे चूक व्हायला जागाच नको. ही पद्धत ताईंनीच घालून दिलेली.

"चार," सिस्टर म्हणाली.

"चार," ताई म्हणाल्या.

आणि बोटांनी पाच दाबलं. तोंडानं चार म्हटलं आणि बोटांनी पाच दाबलं! बावीस वर्षांत दर दहातल्या नऊ केसेसना पाचच असायचं. बोटं आपल्या वाटेनं गेली, तोंड आपल्या वाटेनं गेलं, आणि ताईंचं लक्ष तेवढ्यात पडद्यावर उमटलेल्या चोरवाटेकडे होतं. कुणाला काही कळलं नाही. ताईंनाही नाही.

मग माप झालं. नियमाप्रमाणे दोघींनी वेगवेगळं मोजलं, आधी ताईंनी, मग छोट्या डॉक्टरनं, एकमेकींना आकडा न सांगता. ताईंचं पाच मिलिमीटर आलं. छोटीचंही पाच. छोटीचा चेहरा खुलला, ताईंशी आकडा जुळला की तिला पेपरात पैकीच्या पैकी मिळाल्यासारखं वाटायचं. पण दोघींनी मोजलं ते एकाच पट्टीवर. मग आकडा जुळणार नाही तर काय होणार?

बूच घट्ट बसायला वाटेहून जरा मोठंच लागतं, म्हणून पाचाच्या वाटेला आठाचं बूच. मोठ्या डॉक्टरांनी ते नळीतून अलगद वर नेलं, चोरवाटेच्या अरुंद जागी उघडलं. आता दहा मिनिटं थांबायचं. बूच अजून तारेला जोडलेलं असतं, नको वाटलं तर ओढून परत घेता येतं. दहा मिनिटं ईसीजीवर दोन ठोक्यांच्या मधली रेघ बघायची. बूच हळूहळू फुलतं. ते फुलून शेजारची एखादी बारीक फांदी दाबली, तर रेघ वाकडी होते. दहा मिनिटं रेघ सरळ राहिली की तार उलटी फिरवायची आणि बूच सोडून द्यायचं. मग मात्र ते परत आणणं महाकर्मकठीण.

"एक मिनिट," छोटी घड्याळ बघून म्हणाली.

रेघ सरळ होती. सिस्टर जागच्या जागी पाय बदलत उभी होती. दोन मिनिटं झाली. तीन झाली.

चौथ्या मिनिटाला ताईंची नजर बुचावर थबकली. हे असं का दिसतंय? पाचाच्या जागेत आठाचं बूच कसं बसतं, ते त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. मध्ये किंचित चेपलेलं, दोन्ही बाजूंना गुबगुबीत. हे मात्र चेपून चेपून लांबच लांब झालं होतं आणि त्याचं वरचं टोक शेजारच्या एका केसाएवढ्या फांदीच्या तोंडाशी जाऊन टेकलं होतं. जागा जणू पाचाची नव्हतीच.

पट्टी खोटी निघाली की सगळंच खोटं.

मास्तरांचं सकाळचं वाक्य कानात वाजलं आणि ताईंनी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे लिहिलं होतं, पाच. मग काचेतून ट्रॉलीकडे पाहिलं. पाच नंबरचं पाकीट तिथेच पडून होतं, न फोडलेलं.

नळी चारची, पट्टी पाचची. म्हणजे जागा पाच मिलिमीटर नाही, चारच. म्हणजे बूच मोठं आहे. मी मोठं बूच बसवायला सांगितलं. मी!

आता बोलायचं ना? समोर माइक होता. बटण दाबायचं आणि दोन शब्द बोलायचे. ताईंचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. दातखीळच बसली म्हणा ना. रेघ सरळ आहे की, त्यांच्या मनानं म्हटलं. बूच जरा मोठं असलं तर उलट घट्ट बसेल. डॉक्टरांना दिसतंय ना समोर, ते काय आंधळे आहेत? ही छोटी ऐकेल. सिस्टर ऐकेल. उद्यापासून पट्टीताई म्हणताना सगळे एकमेकांकडे बघून हसतील. आणखी एक मिनिट बघू. रेघ हललीच, तर लगेच बोलू.

"पाच," छोटी म्हणाली. मग सहा झाली, सात झाली.

आणि आपण हे असलं करू शकतो, याचाच ताईंना सगळ्यात मोठा धक्का बसला होता. साडेचार किलोचं लेकरू टेबलावर पडलंय आणि ही बाई काचेमागे बसून स्वतःची अब्रू सांभाळतेय! दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर ताईंनी त्याची चामडी लोळवली असती. तरीही तोंड उघडेना. आठ मिनिटं झाली. नऊ झाली.

"दहा," छोटी म्हणाली. "ईसीजी ठीक आहे, सर."

"छान," मोठे डॉक्टर म्हणाले. "सोडतो." त्यांनी तारेचं टोक चिमटीत धरलं.

"सोडू नका!"

ताई इतक्या जोरात ओरडल्या की माइकची गरजच पडली नाही, काचेतून आवाज पलीकडे गेला. डॉक्टरांचा हात जागीच थांबला. सगळ्यांच्या माना काचेकडे वळल्या.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाले. "सगळं व्यवस्थित आहे, ताई."

"नाहीये. माप चुकलंय. माझं चुकलंय. नळी चारची आहे, मी पाच घातलं. जागा चारची आहे, सर. बूच मोठं आहे."

सिस्टरनं तर मास्कवर हातच ठेवला. पट्टीताई? माप? छोटीचा चेहरा पांढराफटक पडला, कारण तिनंही तेच मोजलं होतं. डॉक्टर काही बोलायला तोंड उघडतात न उघडतात, तोच मॉनिटरवरची रेघ वाकली.

आधी नुसती वाकली. मग ठोके मंदावले. एकशे चाळीस होते, शंभर झाले, ऐंशी झाले, साठाच्याही खाली आले. यंत्र किंचाळायला लागलं. "ओढतोय," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी ते बूच नळीत परत ओढून घेतलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हिरवं कापड बाजूला सारलं आणि गुंडीच्या छातीवर आपले दोन अंगठे ठेवून दाबायला सुरुवात केली. दोन अंगठ्यांखाली ती सगळी छाती झाकून गेली होती. ताई काचेला चिकटून उभ्या होत्या. देवाचं नाव घ्यायचं म्हटलं तर तेही आठवेना.

चाळीस सेकंद गेले. घड्याळ ताईंच्या डोळ्यांसमोर होतं, म्हणून त्यांना नक्की माहीत. चाळीस.

मग ठोका आला. दुसरा आला. साठ, नव्वद, एकशे तीस. रेघ हळूहळू सरळ झाली. अंगठे उचलले गेले.

"नवीन माप सांगा," डॉक्टर थोड्या वेळानं म्हणाले. आवाज नेहमीसारखा काढायचा प्रयत्न होता, जमला नव्हता.

ताईंनी चार दाबलं, बोटाकडे बघून दाबलं. मग मोजलं. छोटीनंही फोडलेल्या पाकिटावरचा नंबर आपल्या डोळ्यांनी वाचून स्वतः पट्टी लावली आणि मोजलं. चार मिलिमीटर. सहाचं बूच गेलं. पुन्हा दहा मिनिटं. या वेळी छोटी मिनिटं मोजताना ताई प्रत्येक आकड्याला पडद्याच्या कोपऱ्यातला चार पुन्हा वाचत होत्या. रेघ सरळ राहिली, बूच गुबगुबीत बसलं, चोरवाट बंद झाली. डॉक्टरांनी तार फिरवली आणि सोडलं.

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "घरच्यांना काय झालं ते मी सांगतो."

"चूक माझी, तोंडही माझंच हवं," ताई म्हणाल्या. "तुम्ही फक्त बाळ ठीक आहे तेवढं आधी सांगा. नाहीतर त्या आईचा जीव जायचा."

डॉक्टरांनी सांगितलं. बूच बसलं, गुंडी बरी आहे, आणि मध्ये चाळीस सेकंद तिचे ठोके फार मंदावले होते, तेही सांगितलं. मग ते बाजूला झाले आणि ताई पुढे आल्या. चार, पाच, नळी, पट्टी, सगळं सांगितलं.

बाळाची आई उठून उभी राहिली. मग म्हणाली, "सकाळी तुम्ही म्हणालात, माझं माप चुकत नाही."

"म्हटलं होतं."

"मी विचारलं होतं तुम्हाला. तोंडावर विचारलं होतं!"

"हो ग बाई. विचारलं होतंस."

"तिची छाती दाबली तुम्ही लोकांनी! पाच महिन्यांची आहे ती!" आणि ती मटकन खाली बसून ओंजळीत तोंड घालून रडायला लागली.

मास्तर इतका वेळ शेजारी बसून ऐकत होते. गळ्यातल्या टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळत होते, सोडत होते.

"ताई, बसा," ते म्हणाले. "सकाळची गोष्ट मी अर्धीच सांगितली. त्या सदऱ्यांची. दुसरंच पोरगं सदरा घालून बघायला आलं ना, तेव्हाच मला गळा ढगळ दिसला होता. मी टेप उचलून पाहिली. तुटलेली दिसली."

लेकीनं तोंड वर केलं. "कधी? दुसऱ्याच पोराच्या वेळी?"

"दुसऱ्याच. बाकीच्या अठरांचं कापडसुद्धा कापलेलं नव्हतं. पण मापं तर सगळ्या शाळेसमोर घेतली होती. परत जाऊन काय सांगू, मास्तरला मोजता येत नाही? लाज वाटली. उरलेले अठरा मी तसेच शिवले." मास्तरांनी टेप गळ्यातून काढून मांडीवर ठेवली. "तुझ्या आईलाही बोललो नाही कधी. टेपला शिव्या देत बसलो."

"बाबा!"

"पण तो कपडा होता. पोरं हसली, विसरली. या बाईंनी मात्र सोडायच्या आधी थांबवलं. स्वतःच्या तोंडानं. मला नाही जमलं ते."

कौतुक होतं ते. ताईंना ते घेताच येईना. घेतलं असतं तर सगळं मिटलं असतं, हेही त्यांना दिसत होतं. लेकीचं रडणं थांबलं होतं, ती ताईंकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागली होती.

"मास्तर," ताई म्हणाल्या, "मीसुद्धा अर्धंच सांगितलंय."

मोठे डॉक्टर भिंतीशी उभे होते, त्यांनी चमकून वर पाहिलं. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मला चौथ्या मिनिटालाच कळलं होतं. मी बोलले दहाव्याला. मधली सहा मिनिटं मी बटणावर बोट ठेवून बसले होते. लाज वाटत होती म्हणून. तेव्हाच बोलले असते, तर तिच्या छातीला कुणाला हात लावावा लागला नसता."

मास्तरांच्या मांडीवरची टेप घसरून खाली पडली, ती कुणी उचलली नाही.

"सहा मिनिटं?" आई म्हणाली.

"सहा."

आईनं डोळे पुसले. उठली. ताईंना वाटलं, ही आता आपल्या थोबाडीत देणार, आणि तिनं द्यावीच, असं त्यांना मनापासून वाटलं. पण तिनं हात उचलला नाही.

"मला तिच्याजवळ न्या," ती म्हणाली.

ताई पुढे झाल्या आणि त्यांनी आतल्या खोलीचं दार उघडून धरलं. काचेच्या पाळण्यात गुंडी झोपली होती, छाती हळूहळू वर खाली होत होती, आणि कपाळ कोरडं होतं. आई उंबऱ्यावर थांबली.

"उद्या दुसऱ्या कुणाचं बाळ असेल ना तुमच्याकडे?"

"आहे. दोन महिन्यांचा मुलगा."

"पहिल्याच मिनिटाला बोला," ती म्हणाली, आणि आत गेली.